छत्तीस टाइल्स, एकही पास नाही

जळगावच्या एमआयडीसीत पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दिपमाला तपासनीस आहे. माहेर अमळनेरजवळच्या खेड्यातलं, शिक्षण आयटीआयचं. नऊ वर्षांत तिच्या सहीशिवाय माल बाहेर गेलेला नाही.

यंदा वेगळंच काम आलं. टंगस्टनच्या छत्तीस टाइल्स. काडेपेटीएवढ्या, पण उचलल्या की हात खाली ओढणाऱ्या. गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेच्या यंत्राला त्या आतून बसणार होत्या. सूर्यात होते तशी ऊर्जा मिळवण्यासाठी त्या यंत्रात वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवतात आणि चुंबकाच्या जोरावर भिंतीपासून दूर धरतात. तरी काही कण निसटतात, भिंतीवर आदळतात, तिच्यावरचं जे सुटेल ते उडवतात.

दसऱ्याला दिपमाला रजेवर होती. धम्मचक्र प्रवर्तन दिन. आईला घेऊन ती अमळनेरच्या विहारात गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने टाइल्सची पेटी उघडली, तर प्रत्येक टाइलवर कुंकवाचं ओलं बोट उमटून वाळलेलं.

"बठ्ठी मशिनीसले लायं, मंग यासले काब्र नही?" पितांबर नाना, कारखान्यातले सर्वांत जुने कामगार, कौतुकाने म्हणाले. दसऱ्याच्या पूजेत सगळ्या यंत्रांना कुंकू लावलं, मग यांनाच का नाही, असं त्यांचं म्हणणं.

मालक ललितभाऊंनी फडका पुढे केला. "पूस आणि सही कर. गाडी दुपारी निघते."

"पुसून निघत नाही. घासलेल्या रेघांत बसलंय."

"अगं, तिथे कोटी डिग्री म्हणतेस. जळून जाईल की!"

"जळून जाणार कुठे, भाऊ? भांडं बंद आहे. सुटलं ते वायूतच शिरणार. आत वायू चिमूटभर. त्यात असलं काही मिसळलं की सगळी उष्णता बाहेर उधळली जाते आणि तो थंड पडतो."

"सायंटिस्ट कधीपासून झालीस?"

"त्यांनी पाठवलेले कागद तुम्ही न वाचता माझ्याकडे दिलेत, तेव्हापासून."

लेथवरचं कुणीतरी फिसकन हसलं. ललितभाऊंचा चेहरा उतरला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यात कुंकू चालत नाही, म्हणून हे चाललंय ना?"

यंत्रं चालू होती, तरी सगळ्यांनी ऐकलं.

दिपमालाने जुनी फाइल काढून त्यांच्यासमोर उघडली. "श्रावणात नमुन्याची टाइल मी नापास केली. कारण वाचा. अंगठ्याचा तेलकट ठसा. अंगठा तुमचा होता. तेव्हा माझी जात आठवली नव्हती."

"भाऊ, तिले काही बोलू नका," नाना पुढे आले. त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं. "बोट मनं शे."

"नाना, तुमची चूक नाही. या टाइल्सना हात लावायचा नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही."

तिने सर्वांसमोर प्रयोगशाळेत फोन लावला. नीट धुऊन हवा काढलेल्या भट्टीत तापवायला तीन आठवडे लागतील, तोवर माल पाठवू नका, असं उत्तर आलं. तपासणीच्या कागदावर तिने छत्तीस वेळा 'नापास' लिहिलं आणि प्रत्येकापुढे सही केली. टाइल्स कपाटात ठेवून किल्ली ओढणीला बांधली.

"उद्यापासून येऊ नकोस," ललितभाऊ म्हणाले.

"आठला येते. तीन आठवड्यांचं काम आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती पावणेआठलाच आली. फाटकाशी नाना हात स्वच्छ धुऊन, ते कशालाही न लावता, तिची वाट पाहत उभे होते.