सात हात चंदेरी

२००२ च्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, कल्याणमधल्या बंदूक दुरुस्तीच्या एका दुकानात माझ्या बायकोच्या मामांच्या रायफलवरचा रंग खरवडण्यात आला. चंदेरी रंगाचे सात हात निघाले. त्यांच्याखाली हिरवा निघाला.

निर्णय न घेण्यात मामांचा हात धरणारा माणूस मला शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत भेटलेला नाही, आणि बातमीदार म्हणून हे दोन्ही तालुके मी पुष्कळ फिरलो आहे. धसईला त्यांची भातशेती होती. ती दुसरे लोक करत. ते स्वतः शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि उरलेल्या आयुष्यासाठी त्यांनी एकच काम राखून ठेवले होते. वडिलांमागे आपल्याकडे आलेली आजोबांची जुनी रायफल दुरुस्त करून तिचा एक बार काढावा की काढू नये, हे ठरवणे. हे काम सात वर्षे चालले. या काळात त्यांनी धसईतला सुतार, दवाखान्यातला कंपाउंडर, दोन ज्योतिषी आणि एसटीचे निदान तीन कंडक्टर यांचा सल्ला घेतला. सुतार काढा म्हणाला की ते धोके सांगत, कंपाउंडर नको म्हणाला की ते त्याला भित्रा म्हणत. आठवडी बाजारात भाजीवाल्या बायाही विचारू लागल्या होत्या, “मामा, बार कधी?” मामा गंभीरपणे सांगत, “विचार चालू हाय.”

त्या वस्तूला बंदूक म्हटलेले त्यांना खपत नसे. “बंदूक लोकांकडं असते. ही रायफल हाय,” असे ते दुरुस्त करत. परवाना ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि कोणी मागितलेला नसताना दाखवत. एसटीत ज्येष्ठ नागरिकाच्या सवलतीसाठी कंडक्टरने वयाचा पुरावा मागितला की ओळखपत्र बाजूला ठेवून आधी परवाना काढत. अंतरे ते रायफलच्या टप्प्यात मोजत. चक्की दीड टप्प्यावर, देऊळ एका टप्प्यावर, थोरली बहीण दिली ते घर मात्र टप्प्याच्या बाहेर. त्यांच्या आजोबांनी या रायफलने घाटाखालच्या रानात वाघ मारला होता. लग्नानंतर मी ही हकिगत पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाघ सात हात लांब होता. पुढच्या भेटींत तो वाढत गेला. हकिगत सांगून झाली की मामा रायफलकडे बोट दाखवून म्हणत, “एक बार काढला ना, जावई, म्हंजे लोकांना पटंल. आज्याचं नाव राहील.” एवढीच त्यांची इच्छा होती. अडचण एवढीच की हा गृहस्थ दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजू लागले की कानात कापूस घालून मोरीत जाऊन बसे. ही माहिती मामींनी दिली. “यांच्यानं स्टो पेटत नाय, नि हे बार काढनार,” असे त्या म्हणाल्या. मामांनी खंडन केले नाही. स्टो वेगळा, रायफल वेगळी, एवढेच ते म्हणाले.

रायफलवर त्यांचे प्रेम होते, यात शंका नाही. या प्रेमाचा मार्ग म्हणजे ऑइल पेंट. दरवर्षी दसऱ्याच्या पूजेआधी ते रायफलला चंदेरी रंगाचा एक हात देत. नळीला, दस्त्याला, चापाला, सगळ्याला सरसकट. जुना रंग काढण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. “लोखंडावर जेवढा रंग, तेवढं आयुष्य,” असे त्यांचे मत होते. दर दसऱ्याला रायफल थोडी जाड होत गेली. शेवटी शेवटी चाप बोटाने हलेनासा झाला. त्याचे कारण स्प्रिंग जुनी झाली हे आहे, असे मामा सांगत. हा रंग चंदेरी का, याचीही एक हकिगत आहे, आणि तिच्यात माझी चूक आहे.

निवडणूक लागली की परवानाधारकांना आपली हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात आणि निकालानंतर ती परत मिळतात. १९९५ च्या विधानसभेला मामांनी, वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच, गोणपाटात गुंडाळून रायफल जमा केली. वडील ती काळ्या रंगाने रंगवत असत आणि कुलपात ठेवत असत, त्यामुळे मामांचा तिच्याशी फारसा संबंध आलेला नव्हता. निकालानंतर ते ती घरी घेऊन आले. गोणपाट सोडले तर रायफल हिरवी. मामांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला: ठाण्याच्या कोठीतल्या ओलीमुळे आमच्या वाडवडिलांच्या शस्त्रास शेवाळ धरले आहे. अर्जाची प्रत माझ्याकडे शहापूरला आली. मी चार ओळींची बातमी लावली. ती मार्च महिन्यात छापून आली. मार्चमध्ये त्या भागातल्या निम्म्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, तिथे लोखंडाला शेवाळ कुठून धरेल, हा प्रश्न मला सुचला नाही. संपादकांनाही सुचला नाही. त्या बातमीचा खुलासा आजतागायत छापलेला नाही. मामांनी ते कात्रण फ्रेम करून रायफलखाली लावले आणि पुन्हा शेवाळ दिसू नये म्हणून दसऱ्याला चंदेरी रंगाचा पहिला हात दिला.

सात वर्षांनी त्यांचा अर्धा निर्णय झाला. रायफल दाखवायला काय हरकत आहे, इथपर्यंत ते आले. सोबत पेपरवाला असलेला बरा म्हणून मला नेले. कल्याणचा कारागीर म्हातारा आणि अबोल होता. त्याने पात्याने रंग खरवडायला घेतला. थर मी मोजले. हिरवा लागला तेव्हा मामा मला म्हणाले, “बघा, शेवाळ.” कारागिराने नखाने हिरव्याचा एक पापुद्रा उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. “पेंट हाय हा, काका.” मग त्याने चापाजवळची जागा साफ केली, भिंग लावले आणि परवाना मागितला. इतकी वर्षे मामा तो सगळ्यांना दाखवत होते. पहिल्यांदाच कोणीतरी तो वाचला.

“नळी चांगली हाय. स्प्रिंग टाकली का बार निघंल,” कारागीर म्हणाला. “पन हा नंबर परवान्यावर नाय. ही तुमची नाय. गुंडाळा नि घेऊन जा. मी पाहिली नाय.”

मुरबाडच्या एसटीत मामा चाळीस मिनिटे बोलले नाहीत. माझ्या माहितीत हा त्यांचा विक्रम होता. मग एकदम म्हणाले, “म्हसा गावचा तो. हिरव्या सायकलवाला.” १९९५ साली रायफल परत घेऊन ठाण्याबाहेर आल्यावर ते चहाच्या टपरीवर बसले होते. शेजारी हिरव्या सायकलवरून आलेले म्हसा गावचे एक शेतकरी होते. त्यांचीही बंदूक गोणपाटात होती. दोन्ही हत्यारे एकाच भिंतीला टेकवलेली होती. वाघाचा विषय मामांनीच काढला. त्या गृहस्थांनी सांगितले की घाटाखालचा वाघ त्यांच्या आजोबांनी मारला. मामा म्हणाले, “तुमच्या आज्यानं मांजर तरी पाहिलं होतं का?” ते म्हणाले, “मास्तर, तुमी शाळेत घंटा वाजवा.” त्या शब्दाने दोघे उठले. चहा अर्धा टाकून, हाताला लागली ती बंदूक उचलून, पाठ फिरवून निघाले. मामांना मास्तर म्हटल्याचा राग नव्हता. ते कारकून होते, घंटा त्यांच्याकडे नव्हती, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो तिथे मांडता आला नाही याची खंत त्यांना २००२ सालीही होती. नंतरच्या निवडणुकांत ठाण्यावर नंबर तपासला गेला नाही, कारण मामा रायफलला कोणाला हात लावू देत नसत आणि नंबर स्वतःच परवान्यावरून मोठ्याने वाचून दाखवत.

मी त्यांना दोन रस्ते सांगितले. ठाण्यात जाऊन खरे सांगणे, किंवा म्हसा गावी जाऊन अदलाबदल करणे. मामांनी विचार करायला महिना घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते गोणपाट घेऊन माझ्या दारात उभे होते. “चला. आज्याची घेऊन येऊ,” म्हणाले.

म्हसा गावात घर विचारावे लागले नाही. दार हिरवे, खिडक्या हिरव्या, बैलगाडीची चाके हिरवी, ओटीवरची खाट हिरवी. त्या शेतकऱ्यांची बायको तांदूळ निवडत बसली होती. मालक चार वर्षांपूर्वी वारल्याचे तिने सांगितले. मामांनी गोणपाट सोडले. तिने खरवडलेल्या जागी अंगठा ठेवला.

“आमची हाय ही,” ती म्हणाली. “ही खाट रंगवून उरला तो रंग यांनी दिल्याला. तुमच्याकडं कशी?”

मामांनी सांगितले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट न वाढवता सांगितली. ती हसली. “आनि हे म्हनायचे, पोलिसांनी चुलीवर टांगली, धुरानं काळी पडली. राख लावून लावून माजे हात गेले. काळं काय जाईना.”

“आमच्या वडिलांचा रंग तो,” मामा म्हणाले. “कुठं हाय ती?”

“नाय ती आता. हे गेले नि पोरानं सरकारात भरून टाकली. घरात नको म्हनला. कागद करून दिला त्यांनी.”

तिने आणून दाखवलेल्या कागदावर परवान्यावरून उतरवलेला, या घरातल्या बंदुकीचा नंबर होता. मामांच्या आजोबांची रायफल दुसऱ्याच्या नंबरावर सरकारजमा झाली होती. पुढे तिचे काय झाले, याची माहिती मिळू शकली नाही. जी कागदावर संपली होती ती मामांच्या मांडीवर होती. मामांनी खाटेच्या पायावरच्या हिरव्या रंगावर बोट फिरवले. मग त्यांनी विचारले, “वाघ मात्र... तुमच्याकडं काय सांगतात?”

“कसला वाघ? सासरे सांगायचे, सायबाच्या शिकारीत रान उठवायला दोगं हाकारे होते. यांचा आजा नि धसईचा एक. गोळी सायबाची. साहेब खूश झाला नि दोगांना येक येक बंदूक देऊन गेला. सारख्याच होत्या म्हनं. दोगं येकाच झाडावर चढून बसल्याले भ्यानं.”

मी मामांकडे पाहिले नाही.

“ठेवता का ही?” शेवटी त्यांनी विचारले.

“नको. पोरगा परत भरून टाकंल. सात वर्सं तुमी पूजलीत, तुमच्याकडं असू द्या.” ती पुन्हा तांदळाकडे वळली. मग म्हणाली, “रंग तेवढा हिरवा द्या. चांदी यांना आवडायची नाय.”

धसईला परत आल्यावर मामांनी ठाण्यात अर्ज केला नाही. मीही बातमी दिली नाही. स्प्रिंग टाकली गेली नाही. बाजारात कोणी “मामा, बार कधी?” विचारले की ते “नाय काढायचा” असे उत्तर देत. माझ्या माहितीप्रमाणे हा त्यांनी घेतलेला एकमेव निर्णय. ‘आज्याची रायफल’ हे शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. शेवाळाच्या बातमीची फ्रेम भिंतीवरून उतरली. त्या दसऱ्याला त्यांनी पहिल्यांदाच जुना रंग पूर्ण काढला आणि हिरव्याचे दोन हात दिले. नंबर पुन्हा रंगाखाली गेला.

२००४ च्या लोकसभेला त्यांनी ती जमा केली आणि निकालानंतर परत घेतली. मी सोबत होतो. पावतीवर ‘रंग हिरवा’ असा शेरा होता. तो त्यांनी आग्रहाने लिहून घेतला होता. बाहेर आम्ही त्याच टपरीवर चहा घेतला. मामांनी बंदूक भिंतीला टेकवली नाही. चहा संपेपर्यंत ती त्यांच्या मांडीवर होती.