एक्कावन्न नंबरचे बाबा

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. पिंपळ, पांढरी साडी, रिकामी लिफ्ट... हसू येतं मला. माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. आहे तो एक व्हिडिओ गेम, माझा धाकटा भाऊ अमेय आणि दुपारचे सव्वातीन. तुम्ही विश्वास ठेवा असा आग्रह नाही, माझाच अजून बसलेला नाही.

गेम अमेरिकन फुटबॉलचा. तो हेल्मेटवाला, चेंडू हातात घेऊन धावायचा. कॉलेजात असताना अमेयने कुणाकडून तरी डिस्क आणली आणि आम्हा दोघांना सामन्यांपेक्षा टीम चालवायचाच नाद लागला. पोरसवदा खेळाडू निवडायचे, त्यांना घडवायचं, वय झालं की निवृत्त होताना बघायचं... सीझनमागून सीझन. अमेय लग्नानंतर कांदिवलीला गेला, मी मुलुंडला बाबांपाशी राहिले. मग आम्ही ऑनलाइन लीग काढली. एक टीम त्याची, एक माझी. दोघांनी आपापल्या घरून ‘तयार’ दाबल्याशिवाय त्यात आठवडा पुढे सरकत नाही.

आमचा एक नियम होता. घरच्यांच्या नावाचे खेळाडू बनवायचे, आणि घरच्या माणसाला टीममधून कधी काढायचं नाही.

बाबा माझ्या टीमचे कॅप्टन, नंबर एक्कावन्न. जागा त्यांनीच मागून घेतली होती. पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले होते, "तो वाकून मागे चेंडू देतो ना, त्याने दिलाच नाही तर?" खेळ सुरूच होत नाही, मी म्हटलं. "मग मला तिथे टाक."

पुढे खऱ्या बाबांची डावी बाजू गेली. दोन वर्षं ते अंथरुणावर होते. नोकरी सांभाळून कूस बदलणं, भरवणं, डायपर, सगळं मी केलं. अमेय एकाआड एक रविवारी सफरचंदं घेऊन यायचा आणि ताई तू ग्रेट आहेस असं सांगून जेवून जायचा. बाबांना सफरचंद चावता येत नाही हे त्याच्या दोन वर्षांत लक्षात आलं नाही.

एका दुपारी बाबांनी नाकातली नळी तिसऱ्यांदा उपसली. नर्सला बोलावून ती परत बसवून घेतली, मी चादर बदलली आणि बाहेर येऊन गेम लावला. त्यातले बाबा सदतीस वर्षांचे झाले होते, धापा टाकत खेळायचे. मी त्यांना काढून टाकलं. गेमने विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. खरं लिहायचं तर... खऱ्यांना काढता येत नव्हतं म्हणून त्यांना काढलं. त्या क्षणी बरं वाटलं, हेही खरं.

तासाभरात अमेयचा फोन. "ताई, बाबांना काढलंस तू?"

बाबा कसे आहेत हे नाही विचारलं. मी म्हटलं, "तू खऱ्यांना ने ना आठ दिवस. फक्त आठ." त्याने फोन ठेवला आणि गेममधल्या बाबांना आपल्या टीममध्ये घेतलं. चौथ्या दिवशी बाबा गेले.

तेराव्यानंतर आमचं बोलणं बंद. लीग सीझनच्या शेवटच्या आठवड्यावर अडकली होती. मी ‘तयार’ दाबलं, त्याने दाबलं नाही. वर्षभर दर रविवारी मी गेम उघडून बघायची, त्याची बाजू कोरीच. मला वाटायचं, एवढा राग? उठबस मी केली आणि रुसून हा बसलाय.

वर्षश्राद्धाला तो एकटाच आला, मुलीची परीक्षा होती. गुरुजी गेले, पानं उठली, आणि बोलायला काही नाही म्हणून मी गेम लावला. सव्वातीन वाजले होते.

त्याच्या बाजूला ‘तयार’ची खूण होती. सीझन संपला होता.

"दाबलंस शेवटी," मी म्हटलं.

तो पांढराफटक पडला. "मी नाही दाबलं गं. सीझन संपला असता तर बाबा रिटायर झाले असते." गेमचं मशीन तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी घरी माळ्यावर टाकलंय म्हणाला, चुकूनही हात जायला नको म्हणून. मी त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं. त्याने बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिने खोका खाली काढला... चिकटपट्टी जशीच्या तशी, वर बोटभर धूळ.

निवृत्तांची यादी बघितली. बाबा नव्हते. अमेयच्या टीममध्येही नव्हते. ते माझ्या टीममध्ये होते. नंबर एक्कावन्न, वय सदतीसच, नावापुढे कॅप्टनची खूण. टीम सुटली की ती खूण आपोआप जाते. देवाणघेवाणीच्या नोंदींत एक ओळ नाही. गेमवाल्यांना लिहिलं, त्यांनाही काही सापडलं नाही. सर्व्हरची गडबड असेल म्हणे. असेलही. पण गडबडीत माणूस हरवतो, काढून टाकणारीच्या दारात परत येऊन उभा राहतो का?

माफ केलं म्हणायचं, की परत माझ्याच गळ्यात पडले म्हणायचं, मला कळलेलं नाही. त्या दिवशी मी रडले आणि मग प्रचंड चिडले. ज्याने पडद्यावरच्या बाबांना वर्षभर जाऊ दिलं नाही, त्याच्याकडे खऱ्यांसाठी आठ दिवस नव्हते.

त्याच संध्याकाळी, अमेय घरी पोचायच्या आत, मी त्याच्या टीमला प्रस्ताव पाठवला. बाबांना घे, बदल्यात काही नको. खाली लिहिलं, फक्त आठ दिवस.

दोन महिने झाले. भीती वाटते म्हणाला एकदा. मशीन अजून माळ्यावरच आहे.

बाबा परत कसे आले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. प्रस्ताव तसाच पडून का आहे, याचं आहे.