तनू घाबरली नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही — त्याला ठाऊक असणारच, पण तोंडाने कधी म्हणालो नाही. तुम्हालाच का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

माझा जन्म हिर्डोशीचा. कामथडीला हायवेवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकून बरीच वर्षं झाली, पण गप्पा निघाल्या की मी अजून डोंगरातलाच. ‘आम्ही वरंध्याच्या अंगाची माणसं, आम्हाला डोंगर कोण शिकवणार?’ — हे माझं वाक्य गिऱ्हाइकांनाही पाठ आहे. माझी मुलगी तनू तेव्हा नऊ वर्षांची. मोबाईलवर तंबूत राहणारी माणसं बघून तिने हट्ट धरला, आणि मला तर निमित्तच हवं होतं. गणपती उठले होते, पाऊस ओसरला होता. एका ओळखीच्याकडून तंबू मागून आणला आणि आम्ही दोघं एसटीने हिर्डोशीला गेलो. चुलतभावाच्या घरी चहा घेतला. वर अजून लई पाणी मुरतंय, असं वहिनी म्हणाली. मी ते हसण्यावारी नेलं.

जागा माझी ठरलेलीच होती — वरचं आमचं नाचणीचं रान. वडील गेल्यापासून पडीक पडलेलं. तनू काठावरच थांबली. म्हणाली, इथलं गवत फारच हिरवं आहे, खाली पाणी असेल. मी म्हणालो, माझ्या बापाच्या रानात तू मला वाट दाखवतेस होय? फुटलेला बांध मला दिसला नव्हता का? दिसला होता. पण आपलं रान आपल्याला कसं दगा देईल — अशी काहीतरी माझी समजूत होती.

तंबू उभा राहिला. शेवटची खुंटी ठोकायला पलीकडे गेलो आणि मांड्यांपर्यंत चिखलात गेलो. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल. ऊन कलत होतं, आसपास चिटपाखरू नव्हतं. आणि मी — मी काय केलं असेल? ओरडलो. आईच्या नावाने रडलो. नऊ वर्षांच्या पोरीला म्हणालो, मला सोडून जाऊ नकोस.

ती गेली नाही. तंबूतली सतरंजी ओढून तिने चिखलावर पसरली, तिच्यावर पालथी पडली आणि तंबूची काठी माझ्याकडे सरकवली.

"पप्पा, हलू नका. आडवे व्हा. हळूहळू."

आवाज जरासुद्धा कापत नव्हता. हे तिला कुणी शिकवलं होतं? मी तर नाही. माझे पाय सुटेपर्यंत ती बोलत राहिली, शाळेतलं, शेजारच्या मांजरीचं, काहीबाही. मी बाहेर आलो तेव्हा माझे दोन्ही बूट आत राहिले होते.

तंबू गुंडाळून आम्ही खाली आलो. वहिनी अंगणातच होती.

"का ओ भावजी, लगीच माघारी?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. "पोरगी भ्याली," मी म्हणालो. "रडाय लागली, मग म्या म्हनलं, चला."

अंगावरच्या चिखलाचं विचारलं, तर म्हणालो, तिलाच बाहेर काढत होतो. तनूने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाय धुवायला निघून गेली. नजरेत राग नव्हता. माझी लाज राखली तिने, दुसरं काय?

मग ते नावच पडलं तिला — भित्री. पाहुण्यांत, लग्नाकार्यांत, हसत हसत. शाळेचं शिबिर आलं तेव्हा तिची आई तिला म्हणाली, तिथं रडलीस तर आणायला कोण येणार? तनू माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पेपर वाचत होतो — म्हणजे समोर धरला होता. ती गेली नाही.

आता ती भोरला कॉलेजात आहे. मागच्या दिवाळीत तिची मैत्रीण घरी आली, रायरेश्वरावर राहायला जायचं म्हणून विचारायला. तनू हसली. "मला नको बाई डोंगर. लहानपणी मी इतकी रडले होते, पप्पांना अर्ध्यातनं माघारी यावं लागलं."

मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ती मला सांभाळून घेत नव्हती. तिला खरंच तसंच आठवत होतं.

मैत्रीण माझ्याकडे वळली, खरं का काका म्हणून.

"व्हय," मी म्हणालो. "लई भ्याली होती."