निळी रेघ

नातीचा पाय मोडला आणि ती बेंगळुरूतल्या आमच्या चामराजपेटच्या घरात अडकली. यंदा तिच्या शाळेने फुकटचं सॉफ्टवेअर घेतलंय. सगळा वर्ग कॉम्प्युटरवर एकाच पानावर लिहितो, घरूनही. फुकटचं ते काय चालणार, असं मी म्हटलं होतं.

त्या पानावर वर्गातल्या कुणाच्या तरी कर्सरची निळी रेघ लुकलुकायची. नाव दिसायचं नाही. नात गणितात अडली की रेघ शेजारी येऊन थांबायची, उत्तर मात्र लिहायची नाही. एकदा नातीने लिहिलं, ‘मी मागे पडले.’ खाली कन्नडमध्ये उमटलं, ‘सावकाश कर. मी इथंच आहे.’

चेहरा पाहिल्याशिवाय मी कुणाला चांगलं म्हणत नाही. या रेघेला म्हटलं.

पाय बरा झाल्यावर नात शाळेत जाऊन आली ती हिरमुसून. “आजी, ती रेघ कुणाची, सगळ्यांना विचारलं. कुणीच सांगत नाही!”

“बरंच झालं,” मी म्हटलं. “आता सगळ्यांशीच नीट वाग.”