शमुवेलला लावलेला नियम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पापनिवेदनाला दर महिन्याला बसते, पण तिथेही नाही — शेजारणीवर चिडले, नणंदेबद्दल वाईट बोलले, असली फुटकळ पापं सांगून उठत आले. आता आणखी लांबवायचं नाही, असं ठरवलंय.

रोह्यात आम्हा कॅथलिकांची घरं मोजकीच. फादर बाहेरून येतात, रविवारची मिस्सा करतात, जातात. मधल्या दिवसांत चर्चची किल्ली माझ्याकडे. शाळेत बाई होते, सगळ्यांना शिस्त लावायची सवय — आणि किल्ली हातात असली की थोडा माज येतोच. थोडा? बराच.

काही वर्षांपूर्वी रोमहून, पोपकडून, सगळ्या चर्चना प्रश्न आले. लोकांचं ऐका, जे दुरावलेत त्यांचं आधी ऐका, इतर पंथांच्या ख्रिस्ती लोकांशी तुमचं कसं आहे तेही कळवा. फादर म्हणाले, "बाई, तुम्ही घरोघर जा. बोलतील तसं लिहा." वही घेऊन मी कोलाडपर्यंत जाऊन आले. नदीपलीकडच्या अष्टमी गावात फिलोमिनाकडे मात्र सगळ्यांत शेवटी गेले. का, ते मला पक्कं ठाऊक होतं.

फिलोमिना आमच्या चर्चची. तिचा नवरा शमुवेल पेणच्या प्रोटेस्टंट मंडळीतला. लेकीच्या बाप्तिस्म्यानंतर ती चर्चला यायचीच बंद झाली होती. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "बाई, येवढंच लिवा. बापाला बाहेर ठेवायचा नियम आता तरी बदला. आमच्या ह्यांनी खिडकीतून बघितला पोरीचा बाप्तिस्मा. तुमच्यावर राग नाय. नियम व्हता तो तुम्ही सांगितलात."

शमुवेल तिथेच कॉटवर पडून होता. किडन्या गेल्या होत्या त्याच्या. मी उठले तेव्हा म्हणाला, "उत्तर आलं तर सांगा, बाई."

कुठला नियम? असा नियम नव्हताच. बाप्तिस्म्याच्या दिवशी तो नवा शर्ट घालून, केस चापून बसवून दारात आला, आणि मी त्याला म्हटलं — तुमच्या पंथाच्या माणसाला आत उभं राहता येत नाही, बाहेर थांबा. तो निमूट मागे सरला. फादरांनी झगा चढवताना विचारलं होतं, बाळाचे वडील आलेत ना? मी म्हटलं, नाही, त्यांना हे पटत नाही. मग वेदीपाशी जाऊन हात जोडून उभी राहिले. ही माणसं आपल्याला मूर्तिपूजक म्हणतात, असं कुठंतरी ऐकलं होतं मी. शमुवेलनं तसं कधी म्हटलं नव्हतं. तरी मला तो आमच्यात नको होता — खरं ते एवढंच.

फिलोमिनाचं म्हणणं मी वहीत शब्दन् शब्द उतरवलं होतं. घरी येऊन ते पान फाडलं. ते वर गेलं असतं तर फादरांनी आधी हेच विचारलं असतं — असा नियम हिला सांगितला कुणी? अहवालात मी लिहिलं, 'इतर पंथीयांशी सलोख्याचे संबंध आहेत.' फादरांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

शमुवेलनं दोनदा निरोप पाठवून विचारलं, काही आलं का? दोन्ही वेळा मी कळवलं, रोमचं काम आहे, वेळ लागतो. गेल्या दिवाळीनंतर तो गेला. पेणला त्याला मूठमाती दिली. मी गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे बरे होते.

फादरांना काल फोन करून म्हटलं, रविवारी मिस्सा झाल्यावर मला सगळ्यांसमोर दोन मिनिटं बोलायचंय. विषय विचारला त्यांनी. म्हटलं, माझा गुन्हा. पण आधी फिलोमिना. चर्चनं तिच्या नवऱ्याला कधीच बाहेर ठेवलं नव्हतं, मी ठेवलं. हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. शमुवेल मरेपर्यंत ज्या उत्तराची वाट बघत होता, ते पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच होतं. आज दुपारी ते घेऊन मी अष्टमीला जाते आहे.