थंडीचं मला शिकवू नका

बर्फाच्या कारखान्यात त्याला सगळे तोफ म्हणत. लादी वाकडी कापली की तोफ डागली, ट्रक उशिरा आला की डागली, आणि चहा गार मिळाला तर मग विचारूच नका! उभी हयात बर्फात गेली, पण गडी कधी थंड म्हणून झाला नाही.

घरात दोघंच, तो आणि धाकटी बहीण. आईला ज्या दुखण्याने नेलं तेच आता धाकटीच्या अंगात शिरलं होतं. आधी तळपाय बधिर झाले, मग बोटं. स्वेटरची बटणं लावायला तिला दादा लागायचा, आणि तो बटणांवरसुद्धा खेकसायचा.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. यकृत एक बिघडलेलं प्रथिन बनवत राहतं आणि ते नसांत साचतं. नव्या औषधात आरएनएचा एक तुकडा असतो, तो ते प्रथिन बनवायला लावणाऱ्या जनुकाचं तोंड बंद करतो. उघडा सोडला तर रक्तातच त्याचा फडशा पडतो, म्हणून त्याला चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून यकृतातल्या पेशींपर्यंत पोचवायचं. पुढची झीज थांबेल. गेलेलं परत येईलच असं नाही.

औषध मिळायचं एकाच दुकानात, सलाइनमधून द्यायचं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात. काउंटरवरच्या मुलीने पेटी पुढे केली. "काका, थंडच ठेवा, पण..."

"ए बाई, थंडीचं मला शिकवू नकोस!"

"दादा, ऐकून तरी घे," धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस गं!"

वाटेत कारखाना लागला. धाकटीला गाडीत बसवून तो पेटी घेऊन आत गेला. उघडून बघतो तर जेलीच्या दोन पिशव्या, जेमतेम गार. याला थंड म्हणतात? लोकांच्या जिवाशी खेळ चालवलाय मेल्यांनी! त्याने पिशव्या भिरकावल्या आणि औषधाच्या बाटलीभोवती बर्फाचा चुरा आणि मीठ ठासून भरलं. सगळ्यात महागडी मासळी तो अशीच बांधून द्यायचा. एवढं एकच काम त्याने त्या दिवशी न चिडता केलं.

इस्पितळात नर्सने बाटली उचलली आणि तिचा चेहरा उतरला. "हे गोठलंय. देता येणार नाही."

"वितळेल की! बर्फच आहे ना?"

"पाणी वितळेल हो, पण गोठताना त्या गोळ्या फुटतात, एकमेकींना चिकटतात. आता याचा उपयोग नाही, उलट अपायच व्हायचा. नवीन बाटली यायला महिना लागेल."

पाणी गोठताना फुगतं, पत्र्याचे डबे फाडतं, हे त्याने हजारदा पाहिलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. "मला कुणी सांगितलं नाही! बोलवा त्या काउंटरवालीला! घरी बसवा तिला!"

"दादा!" धाकटी कधी नव्हे ती किंचाळली. "सांगत होती ती! ती 'पण' म्हणाली आणि तू तिचं तोंड बंद केलंस. माझंही केलंस. आईच्या वेळी डॉक्टर बोलायला लागले की हेच करायचास. महिनाभरात माझी बोटं गेली तर काय करशील? त्यांच्यावरही ओरडशील?"

ती स्वेटर घालू लागली. तो सवयीने पुढे झाला, तर तिने त्याचा हात झटकला आणि एकेका बटणाशी स्वतःच झटत राहिली. बर्फाने त्याचेही हात रोज बधिर व्हायचे, पण कोमट पाण्यात धरले की परत यायचे.

महिन्याने दोघं पुन्हा काउंटरवर आली. मुलीने त्याला ओळखलं. तिने पेटी सरकवली आणि मान खाली घातली.

त्याला राग आला. या वेळी स्वतःचाच, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

"बाई, त्या दिवशीचं राहिलेलं सांगा."

"काय?"

"थंड ठेवा, पण... पुढे काय?"

ती घाबरत सांगू लागली आणि तो खालमानेने सगळं ऐकत राहिला. मागे बाकावर धाकटी बसली होती. तिच्या अंगात नवं स्वेटर होतं, डोक्यातून घालायचं, बिनबटणांचं.