दुसऱ्या कोणी विचारलंय का?

ते प्रकरण आठवलं की मला आधी माझ्या टेबलाचा खालचा मोठा खण आठवतो. एका बाईचा मोबाईल आणि लॅपटॉप त्या खणात चार दिवस पडून होते, आणि ते तिथे ठेवायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, पुरात वाहून आलेली प्रेतं बाहेर काढली. त्यातलं बरंचसं विसरलो. तो खण विसरलो नाही.

नावं कोणाचीच लिहिणार नाही. ती माणसं आजही कर्जत-खालापूर भागातच राहतात. त्यातले काही रस्त्यात भेटले की नमस्कार करतात, एक जण तोंड फिरवतो.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी खालापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.ए. झालो, फौजदारकीची परीक्षा पास झालो. पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनी काचेत घालून देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलं होतं. त्याचा अभिमान मी कधी लपवला नाही, इथेही लपवत नाही. पण या प्रकरणात त्याच अभिमानाने मला तोंडघशी पाडलं.

निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं असेल. एका सोमवारी सकाळी ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना माझ्या खोलीत आणून बसवलं. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, फायलीत प्रिंटा. त्यांचं कशेळ्याच्या पुढे रिसॉर्ट होतं. अर्ज टाइप केलेला आणि मुद्द्यांना क्रमांक घातलेले. असा अर्ज बघितला की मला बरं वाटायचं. शिकलेला माणूस वाटायचा.

"साहेब, कशेळ्याच्या बाजारात एक बाई आहे. झेरॉक्सचं दुकान चालवते. ती नावं अडवून ठेवते आणि खंडणी मागते."

"नावं कशी अडवते?"

त्यांनी समजावून सांगितलं. वेबसाईट काढायची तर तिला इंटरनेटवर एक नाव लागतं. जो आधी नोंदवेल, त्याचं ते नाव. दर वर्षी फी भरायची, म्हणजे आपल्याकडे राहतं. आणि या बाईने त्यांच्या आजोबांच्या माळाचं नाव नोंदवून ठेवलं होतं. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी पोरं ज्या माळावर तंबू ठोकतात, तोच माळ.

"आमच्या आजोबांचा माळ आणि पैसे हिने मागायचे?" ते म्हणाले. "साहेब, आधी तिचा लॅपटॉप आणि मोबाईल ताब्यात घ्या. बाकीचं मग बघू."

जाताना सहज विचारावं तसं मी विचारलं, "शिक्षण काय झालंय आपलं?"

"बी.कॉम."

मी उठून हात मिळवला.

गुन्हा लगेच दाखल केला नाही, अर्ज चौकशीवर ठेवला. दुपारी जीप स्टँडवरच्या आमच्या खबऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "हाय ना बाई. बारावी नापास हाय, पन मुंबई-पुन्याचे फोन येतात तिला. नवी स्कूटर घेतलीय, दुकानात एसी बसवलाय. नवरा अजून जीपच चालवतोय बिचारा."

गुन्ह्याची म्हणावी अशी एकही गोष्ट त्याने सांगितली नव्हती. तरी फोन ठेवला तेव्हा माझं मत बनून गेलं होतं. माझ्या खोलीत पंखा होता, आणि तोही एका पात्याने डगमगायचा.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, असा कायदा आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच साध्या कपड्यांत गेलो. बरोबर आमच्या महिला हवालदार होत्या. वयाने मोठ्या, बोलायला फटकळ. सगळं ठाणं त्यांना अक्का म्हणायचं.

दुकान जेमतेम दहा पावलांचं. आदिवासी वाड्यांवरून आलेल्या दोन बायका रेशनकार्डाचा फॉर्म भरून घेत होत्या. त्यांचं काम पुरं होईपर्यंत बाईने आम्हाला थांबवलं. पोलीस आहोत हे सांगितल्यावरही थांबवलं. मला ते झोंबलं.

"बसा साहेब. नावांचं ना? इकते मी. लपवायचं काय त्यात?"

"कोणती नावं घ्यायची हे तुम्हाला कोण सांगतं?"

"लोकंच सांगतात. दुकानात येऊन इचारतात ना, धबधबा कुठं, लेणी कुठं, तो माळ कुठं. जे दहा जनांनी इचारलं त्याचं नाव घेऊन ठेवते. कंपन्यांच्या नावाला हात नाय लावत. कोनाच्या घराच्या नावालापन नाय."

"आणि मग गिऱ्हाईकाला पिळता."

ती हसली. "मी पिळते? अवो, मलाच पिळतात. एक येतो तो मेथीच्या जुडीसारखा भाव करतो. एक म्हनतो, ताई, नाव तर हवेत असतंय, त्याचे पैसे कसले? मी म्हनते, मग हवेतनंच घ्या. एक तासातासाला मेसेज टाकतो, मी हो म्हनलं की गायब. एक वकिलाची भीती घालतो. मी कोनाशी भांडत नाय. किंमत एकदाच सांगायची, तोंड गोड ठेवायचं आनि सगळं लेखी. बोललेलं मानसं इसरतात." तिने मागच्या फळीवरून एक जाड फाईल काढली. "सगळं छापून ठेवते. झेरॉक्सचं दुकान हाय ना!"

अक्का खो खो हसल्या. मी नाही हसलो.

"शिक्षण किती तुमचं?"

"बारावी. एका इषयात राहिले."

"इंग्रजी कोणी शिकवलं?"

"फॉर्म भरून भरून आलं."

"स्कूटर कधी घेतली? एसी कोणी बसवून दिला? या माळाच्या नावाचे किती मिळणार?"

तिने आकडा सांगितला. माझ्या तीन पगारांपेक्षा जास्त. ऊन, पाऊस, निवडणुका, मिरवणुका, सगळीकडे मी पायांवर उभा राहिलो होतो. आणि ही बारावी नापास बाई खुर्चीत बसून नावं विकत होती.

"लॅपटॉप आणि मोबाईल चौकशीसाठी न्यावा लागेल," मी म्हणालो.

आता तिचा चेहरा उतरला. "साहेब, लॅपटॉप न्या, मोबाईल नका नेऊ. माळाच्या नावाची मुदत सरलीय, वाढीव दिवस चालू हायेत. गिऱ्हाईक ठरलं होतं म्हनून फी भरायची राहिली, ती चूक माझी. पन शुक्रवारी वाढीव दिवसपन संपतात. फी भरायची तर त्याच मोबाईलवर ओटीपी येतो. ते नाव गेलं तर सौदा गेला. त्या पैशांवर मी हा गाळा घेनार हाय. मालक इकतोय, महिन्याअखेरपर्यंत थांबलाय. आजवर सगळी नावं माझ्या नावावर, दुकान तेवढं दुसऱ्याचं."

"कायदा मला शिकवू नका," मी म्हणालो.

पंचनामा केला नाही. पावती दिली नाही. दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या आणि ठाण्यात येऊन खालच्या खणात ठेवल्या. तिची फाईल मात्र तिने स्वतः माझ्या हातात दिली. "वाचा तरी," म्हणाली.

वाचली नाही. बुधवारी अक्कांनी जबाबाचा कागद माझ्यासमोर ठेवला.

"साहेब, हा मी दोनदा वाचला. आपन सोयरीक जुळवायला गेलो होतो का?"

"म्हणजे?"

"शिक्षान किती, कमाई किती, गाडी कधी घेतली. गुन्ह्याचं काय इचारलंय ह्याच्यात?"

मी त्यांच्यावर डाफरलो. त्या कागद तसाच ठेवून निघून गेल्या. तो मी वाचला. अर्धं पान माझे प्रश्न होते, आणि त्यातल्या एकाही प्रश्नाचा अर्जाशी संबंध नव्हता. इतक्या वर्षांत मी नव्या फौजदारांना जबाब कसा घ्यावा हे शिकवत आलो होतो. हा जबाब एखाद्या नव्या पोराने आणला असता तर मी त्याच्या अंगावर फेकला असता.

मग जिल्ह्याच्या सायबर शाखेत फोन लावला. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, "सर, नोंदवलेलं नाव विकणं हा गुन्हा नाही. कोणाचा ट्रेडमार्क असेल तर तो दिवाणी मामला. तिने धमकी दिलीय का?"

धमकी दिलीय का, ते मलाच ठाऊक नव्हतं. बाईची फाईल उघडली.

माळाच्या नावासाठी, ठरलेलं गिऱ्हाईक सोडून, आणखी तिघांनी विचारणा केली होती. पुण्याचे एक डॉक्टर, मुंबईची एक ट्रॅव्हल कंपनी आणि कुणी निवृत्त शिक्षक. प्रत्येक वेळी पहिला मेसेज गिऱ्हाईकाचा होता, बाईने आपणहून कोणाला लिहिलेलं नव्हतं. तिची उत्तरं दोन ओळींची, नम्र. धमकी कुठेच नाही. पण त्या तिघांचं वाचताना मी थबकलो. नाव घ्यायला निघालेला माणूस काय विचारेल? किंमत किती, नावावर कसं करायचं, किती दिवस लागतील. हे तिघेही दुसरंच विचारत होते. 'आणखी कोणी विचारलंय का?' 'तो कशेळ्याकडचाच आहे का?' 'त्याला शब्द दिलाय का?' आणि पैसे भरायची वेळ आली की तिघेही गप्प.

हे तिघे नव्हते, एकच माणूस होता. आणि मी तो पटकन ओळखला, कारण तसलेच प्रश्न मी आदल्या दिवशी त्या दुकानात बसून विचारून आलो होतो. वस्तू बाजूला राहिली होती, समोरच्याला किती मिळतंय तेवढंच मला बघायचं होतं.

गुरुवारी सकाळी अर्जदार स्वतःच आले. बसायच्या आधी विचारलं, "साहेब, लॅपटॉप-मोबाईल इथेच आहे ना? शुक्रवारपर्यंत तरी सोडू नका."

शुक्रवार मी त्यांना सांगितलेला नव्हता.

चहा मागवला. चहा पुढे आला की माणूस सैल होतो. मी विचारलं, "नाव मिळालं तर त्याचं काय करणार?"

"म्हणजे... रिसॉर्टसाठी."

"तुमच्या रिसॉर्टची वेबसाईट आहे. दुसऱ्या नावाने. फाट्यावर बोर्डही त्याच नावाचा आहे."

त्यांनी कप उचलला.

"शुक्रवारी काय आहे?"

त्यांनी कप तसाच खाली ठेवला. मी वाट पाहत राहिलो. चौकशीत ओरडण्यापेक्षा गप्प बसणं जास्त उपयोगी पडतं. ते बोलू लागले. पुण्याचे डॉक्टर, ट्रॅव्हल कंपनी, निवृत्त शिक्षक, तिन्ही तेच होते. कोणत्या नावाची मुदत कधी संपते, ते इंटरनेटवर कोणालाही दिसतं. बाईचा फोन शुक्रवारपर्यंत बंद राहिला की नाव तिच्या हातून जाणार. ते मोकळं होताच पहिलं आपल्याला मिळावं, असा अर्ज त्यांनी एका कंपनीकडे आधीच करून ठेवला होता.

"एवढं कशासाठी?"

"त्याला मिळता कामा नये."

तो म्हणजे त्यांचा चुलत भाऊ. बांधाला बांध लागून त्याचंही छोटंसं राहण्या-जेवणाचं ठिकाण होतं. बाईचं ठरलेलं गिऱ्हाईक तोच.

"माळ दोघांच्याही आजोबांचा," मी म्हणालो. "तुम्हीच आधी का नाही घेतलं नाव?"

"मला सुचलंच नाही, साहेब. त्याला सुचलं, तेव्हा ते मला हवंसं झालं." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "मी बी.कॉम. आहे. तो दहावी नापास. माझ्याकडे स्विमिंग पूल आहे, त्याच्याकडे शेणाने सारवलेलं अंगण. आणि शनिवारी गाड्या त्याच्याकडे वळतात! मी वरच्या गॅलरीत उभा राहून मोजतो. कोणाला सांगू हे?"

त्या माणसाला खडसवायला मला तोंड नव्हतं. तो मोठ्याने बोलला ते मी चार दिवस मनात बोलत होतो. फरक एवढाच की त्याच्याजवळ फक्त अर्ज होता, माझ्याजवळ खण होता.

त्यांनी अर्ज मागे घेतला. खोट्या नावांनी मेसेज केल्याचं लेखी घेऊन मी त्यांना समज दिली. 'अर्जात तथ्य नाही' असा अहवाल लिहिला. मग स्टेशन डायरी पुढे ओढली आणि माझीही नोंद केली: वस्तू पंचनाम्याशिवाय आणल्या, परत करीत आहे. वरिष्ठांनी त्याबद्दल खुलासा मागवला. मागवायलाच हवा होता. तो मी जसाच्या तसा दिला.

शुक्रवारी सकाळी मी आणि अक्का कशेळ्याला गेलो. बाईने मोबाईल चार्जिंगला लावला. तो चालू होईपर्यंत आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत बसलो. तिने लॅपटॉप उघडला, फी भरायचं पान काढलं. ओटीपी यायला वेळ लागला. आमच्या भागात रेंजचा भरवसा नाही. ती मोबाईल घेऊन रस्त्यावर गेली, जीपच्या टपाएवढा हात उंच केला आणि ओरडली, "आला, आला!" आत येऊन आकडे टाकले. नाव आणखी एक वर्ष तिचं झालं.

"चुकलं माझं, बाई," मी म्हणालो.

"चुकलं हे खरं हाय," ती म्हणाली. रागाने नाही, नोंद करावी तशी. तोंड गोड ठेवायचा नियम तिने तेव्हाही मोडला नाही, पण चहा काही विचारला नाही.

पुढे तिचा सौदा झाला. गाळा तिने घेतला. चुलत भावाने माळाच्या नावाचा बोर्ड लावला. अर्जदारांची गॅलरी अजून आहे. ते तिथे उभे राहतात की नाही, मला माहीत नाही.

या प्रकरणानंतर जबाब वाचायची माझी पद्धत बदलली. माणूस उत्तरं घरून जुळवून आणू शकतो, पण प्रश्न विचारताना तो सावध नसतो. म्हणून नव्या पोरांना मी सांगू लागलो की समोरचा काय विचारतो तेही लिहून घ्या, आणि ठाण्यात परत आल्यावर आपण काय विचारलं तेही एकदा वाचा. पण शिकलो म्हणून सुटलो, असं म्हणता येत नाही. त्याच शुक्रवारचं सांगतो.

आम्ही उठत होतो तेव्हा बाई म्हणाली, "साहेब, तुमच्या नावाचं बघू का? हाय का शिल्लक?" माझं नाव आणि आडनाव तिने टाइप केलं. "मोकळं हाय. रिटायर झाल्यावर कायतरी लिव्हाल, तेव्हा लागंल. घेता का?"

मला ते नाव नको होतं. वेबसाईटचं मी काय करणार होतो? नको म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "दुसऱ्या कोणी विचारलंय का?"

अक्का दाराची चौकट धरून हसत सुटल्या.